उतारापर्यंत पोहोचायचे कसे?

रिसॉर्टने बसून चालवायच्या स्की भाड्याने उपलब्ध केल्या की दिव्यांगांची सोय झाली, असा स्की रिसॉर्टमधील दिव्यांगांच्या सोयींवरील एका लेखाचा एकंदर सूर आहे आणि तो मला अपुरा वाटतो. मोनोस्की, म्हणजे एकाच स्कीवर शॉक अब्सॉर्बरच्या आधाराने बसवलेले आसन आणि तोल सांभाळण्यासाठी हातांत टोकाला छोट्या स्की लावलेल्या कुबड्या, उतारावर उत्तम चालते. खरी कसोटी चेअरलिफ्टपाशी, म्हणजे तारेला टांगलेल्या फिरत्या खुर्च्यांतून स्कीपटूंना उताराच्या वर नेणाऱ्या यंत्रणेपाशी लागते, कारण तेथे आसन उंच करून मागून येणाऱ्या खुर्चीवर नेमक्या क्षणी बसावे लागते आणि लिफ्टचा वेग केव्हा कमी करायचा हे कर्मचाऱ्याला ठाऊक असावे लागते. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील विंटर पार्क या स्की रिसॉर्टमध्ये १९७० मध्ये हॅल ओ'लिअरी यांनी डेन्व्हरच्या बालरुग्णालयातील, अवयव गमावलेल्या २३ मुलांना स्कीइंग शिकवले आणि त्यातूनच 'नॅशनल स्पोर्ट्स सेंटर फॉर द डिसेबल्ड' ही संस्था उभी राहिली. तेथेही आरंभ शिकवणाऱ्या माणसापासून झाला, हे मला महत्त्वाचे वाटते. दृष्टिहीन स्कीपटूला तर वेगळे आसन लागतच नाही; त्याला पुढची वळणे सांगणारा जाणकार सोबती हवा असतो, आणि त्या सोबत्याकडून लिफ्टचे पूर्ण भाडे घेणे मला तरी अन्यायाचे वाटते. वाहनतळापासून लिफ्टपर्यंतच्या वाटेवरील बर्फ वेळेवर हटवला जातो का, वरच्या उपाहारगृहातील स्वच्छतागृह पायऱ्यांविना गाठता येते का, ही माहिती आरक्षणापूर्वीच मिळायला हवी.