‘डिटेस्ट’मधील साक्षीदार

इंग्रजीतील ‘डिटेस्ट’ हे क्रियापद ‘हेट’चेच (द्वेष करणे) अधिक तीव्र रूप असून मनातील तिटकारा एवढाच त्याचा आरंभापासूनचा अर्थ आहे, हे लेखातील विधान मला पटले नाही. लॅटिनमधील ‘देतेस्तारी’ म्हणजे देवाला साक्षी ठेवून एखाद्याला शाप देणे. त्यात ‘तेस्तिस’, म्हणजे साक्षीदार, हा शब्द दडलेला आहे आणि ‘टेस्टिमनी’, ‘अटेस्ट’, ‘प्रोटेस्ट’ हे शब्दही त्याच कुळातले आहेत. इंग्रजीतही हे क्रियापद पूर्वी शाप देणे, उघडपणे धिक्कारणे या अर्थाने वापरले जात असे, म्हणजे ती केवळ भावना नव्हती, तर चारचौघांत उच्चारून केलेली कृती होती.

लेखकाने ‘अ‍ॅभॉर’लाही (आजच्या इंग्रजीत, तीव्र घृणा वाटणे) त्याच मापाने मोजले आहे. शेक्सपियर व फ्लेचर यांच्या आठव्या हेन्रीवरील नाटकात राणी कॅथरीन आपल्या विवाहाच्या खटल्यात कार्डिनल वूल्झी या चर्चच्या उच्चपदस्थाला न्यायाधीश म्हणून ‘अ‍ॅभॉर’ करते आणि ‘रिफ्यूज’ करते, म्हणजे नाकारते. हा प्रवेश शिकवताना माझे विद्यार्थी दर वेळी तो निव्वळ संताप समजत, आणि आजचा अर्थ घेतला तर तसे वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु अठराव्या शतकातील कायदेपंडित ब्लॅकस्टोन यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, चर्चच्या कायद्यातील ‘देतेस्तोर’ आणि ‘रेकूसो’ या लॅटिन पारिभाषिक संज्ञांची ‘अ‍ॅभॉर’ आणि ‘रिफ्यूज’ ही इंग्रजी रूपे आहेत. राणी येथे रागावलेली असेलही, पण ती न्यायाधीशावर रीतसर हरकत नोंदवत आहे.