दहावी शिकलेल्या बायकांचं काय ऐकायचं?

गेल्या आठवड्यात एकच मेसेज माझ्या फोनवर तीनदा आला. एकदा मुंबईकर भावजींकडून, एकदा माहेरच्या ग्रुपवर, आणि तिसऱ्यांदा चक्क माझ्या जावेकडून, जिने माझ्या ऑपरेशनच्या वेळी बारा दिवस परळला माझ्यासोबत काढले होते. मजकूर थोडक्यात असा: कोकणातली बाई कोकम, मासे, नाचणी खाते, तिला स्तनाचा कॅन्सर होत नाही, न दुखणारी गाठ साधी असते, सुई टोचली की कॅन्सर पसरतो, आणि घरोघर फिरून ‘छाती तपासा’ सांगणाऱ्या दहावी शिकलेल्या बायका मोठ्या हॉस्पिटलांच्या कमिशनवर असतात. त्या बायकांपैकी मी एक, मालवण तालुक्यातली.

कोकमापासून सुरू करू. खेड्यातल्या बायकांत हा आजार शहरापेक्षा कमी आढळतो, एवढं खरं आहे. बार्शीत १९८७ पासून खेड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते, तिथेही तेच दिसतं. पण याचा संबंध लवकर झालेल्या बाळंतपणांशी, जास्त मुलांशी, वर्षानुवर्षं अंगावर पाजण्याशी आहे. सोलकढीने त्याचं श्रेय घेऊ नये. मी जन्मभर तिरफळ घातलेला बांगडा खाल्लाय आणि गाठ माझ्याच डाव्या बाजूला निघाली. ‘आमच्या घराण्यात कुणाला नव्हता’ हेही ऐकू येतं. माझ्याही नव्हता. हा आजार झालेल्या शंभरातल्या पाच-दहा जणींनाच तो घराण्यातून येतो, बाकीच्यांपैकी बहुतेकींना घराण्यात कुणाला नसतानाच होतो.

आता न दुखणारी गाठ. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. ‘दुखत नाय, मगे कित्याक जाव डॉक्टराकडे?’ हे मी इतक्या पडव्यांत ऐकलंय! बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हे आम्ही स्वतःच आधी सांगतो. पण कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि म्हणूनच ती राहून जाते. आमच्याकडे जुन्या साडीच्या चिंधीत कापूस भरून केलेली एक गादी आहे, तिच्या आत एक चिंचोका शिवलाय. ती बायकांच्या हातात द्यायची आणि सांगायचं, बोटांची टोकं नकोत, तीन बोटं सपाट ठेवून गोल फिरवा. सुरुवातीला हशा पिकतो. मग चिंचोका एकीच्या बोटाला लागतो, ती गादी पुढे न देता पुन्हा दाबून बघते. थोड्या वेळाने कुणीतरी पाण्याचं निमित्त करून आपल्याला माजघरात बोलावतं. अशाच एका काकींनी आठ महिने गाठ लपवलेली होती. त्याआधी त्या एका डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. त्याने हात न लावता मलम लिहून दिलं होतं. गाठीशिवाय कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत होणं, स्तनाग्र आत ओढलं जाणं किंवा त्यातून रक्त येणं, काखेत काही लागणं, यातलं काहीही दुखत नसलं तरी दाखवायचं.

गाठीचा तुकडा तपासायला काढणाऱ्या सुईचं, म्हणजे बायोप्सीचं, भय मला कळतं, कारण मीही त्या टेबलावर घाबरूनच झोपले होते. जागा बधिर करतात, रिफिलएवढी जाड सुई आत जाते आणि स्टेपलरसारखा टक आवाज येतो. असे चार-पाच टक. निघालेल्या तुकड्यांवरून नुसता कॅन्सर आहे की नाही एवढंच कळत नाही. तो हार्मोनवर वाढणारा आहे का, कोणतं औषध त्याला लागू पडेल, हेही त्यावरूनच ठरतं. सुईच्या वाटेवर पेशी सांडणं फार क्वचित घडतं, आणि पुढच्या ऑपरेशनात, शेकात (रेडिएशनमध्ये) ती वाटही आटोपली जाते. मग ‘सुई लावली नि पसरला’ हे येतं कुठून? बाई मुळात उशिरा पोचते, आजार आधीच पसरलेला असतो, आणि घरचे दिवस मोजतात ते सुईपासून.

काळ्या ब्रानेही होतो, असं मेसेजच्या शेवटी होतं. होत नाही. पुढे जाऊ.

राहिलं आमचं दहावी शिक्षण. परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायकांना घेऊन एक अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांची छाती दर दोन वर्षांनी हाताने तपासली जायची, आणि तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविका होत्या. निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आले: आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही, तेही सांगायला हवं.

शिवाय आम्ही रोगनिदान करतच नाही. आशा स्वयंसेविका फॉर्म भरताना गाठीबद्दल विचारते, तिशीपुढच्या बाईची तपासणी उपकेंद्रात होते, आणि आम्ही मधल्या जागा भरतो. गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल जवळ की परळ, जनआरोग्य योजनेसाठी कुठले कागद घ्यायचे, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत खोलीसाठी काय विचारायचं. ऑपरेशननंतर भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा व्यायाम. कापडी पिशवीत राई भरून ब्लाउजच्या त्या बाजूचं वजन सारखं करणं. हे कुठल्याच फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. कमिशनचं म्हणाल तर आशांना सरकारी मोबदला मिळतो, ज्यासाठी त्यांना संपावर बसावं लागतं. आमच्यासारख्यांना चहा मिळतो, कधी फणस.

जावेला मी फोन केला. म्हणाली, ‘अगो, वाचलंच नव्हतं, नुसतं पुढे ढकललं.’ मग थोडं थांबून म्हणाली, तिच्या मोठ्या सुनेच्या काखेत काहीतरी लागतंय, महिना झाला. सोमवारी आम्ही तिघी उपकेंद्रात जातोय, सकाळच्या एसटीने.