विषारी दारूवर 'चांगली क्वार्टर पाजा' हा मेसेज कृपा करून पुढे पाठवू नका

गेले चार दिवस आमच्या दिघा-ऐरोली-कळव्याकडच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. म्हणे भेसळीच्या दारूनं डोळ्यांपुढे अंधारी आली तर घाबरू नका, मिठाचं पाणी पाजून उलटी काढा, वरून चांगल्या कंपनीची क्वार्टर पाजा, डोळ्यात गुलाबपाणी घाला, बी-12 चं इंजेक्शन घ्या, दोन दिवसात नजर परत येते, आणि डायलिसिस सांगितलं तर समजा बिल वाढवतायत. मी दिघ्यात मेडिकल चालवतो. परवा एक ताई हाच मेसेज दाखवून दिरासाठी ड्रॉप मागायला आल्या, "दादा, सकाळपासून त्याला सगळं धुक्यासारखं दिसतंय, काल रात्री थैलीतली प्यायला होता". मी ड्रॉप दिला नाही, 108 लावला. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

आधी गुलाबपाणी. अहो, बिघाड डोळ्यात नाही, रक्तात आहे. भेसळीच्या दारूत मिथेनॉल नावाचं विषारी अल्कोहोल असतं, पोटात गेलेल्या त्या मिथेनॉलचं लिव्हरमध्ये फॉर्मल्डिहाइड होतं आणि त्याचं फॉर्मिक अ‍ॅसिड, म्हणजे मुंगी चावल्यावर आग होते ना, तेच अ‍ॅसिड. ते पेशींना ऑक्सिजन वापरूच देत नाही, आणि डोळ्यामागच्या नसेला एनर्जी खूप लागते म्हणून ती लवकर मार खाते. कुठलाही ड्रॉप तिथं पोचत नाही. शिवाय हे सगळं व्हायला बऱ्याचदा 12 ते 24 तास जातात, माणूस रात्री पिऊन झोपतो, सकाळी डोकं दुखतं, मळमळतं, पोटात दुखतं, घरच्यांना वाटतं उतरली नाहीये अजून, आणि नेमका तोच वेळ हातातून जातो.

आता क्वार्टरचं, कारण यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोक फसतात. साधी दारू म्हणजे इथेनॉल, ते खरंच मिथेनॉलवरचा उतारा म्हणून वापरतात. लिव्हरमधलं एन्झाइम इथेनॉलला आधी धरतं, तोवर मिथेनॉलचं अ‍ॅसिड होत नाही. पण हॉस्पिटलमध्ये ते मोजून देतात, सलाइनमधून नाहीतर नाकातल्या नळीतून, रक्तातलं प्रमाण टिकवून, वारंवार शुगर बघत, कारण शुगर एकदम पडू शकते. फोमेपिझोल नावाचं यापेक्षा सेफ औषधही आहे, पण महाग आणि आपल्याकडे सहज मिळत नाही. आणि मुख्य गोष्ट, इथेनॉल फक्त नवीन अ‍ॅसिड बनणं थांबवतं. धूसर दिसायला लागलं म्हणजे अ‍ॅसिड आधीच बनलंय, ते क्वार्टरनं बाहेर पडत नाही. उलट घरी पाजलेल्या दारूनं त्रास थोडा पुढे ढकलला जातो, सगळ्यांना वाटतं बरं वाटतंय त्याला, आणि तो पलंगावरच राहतो. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात काही ओतलं तर ते फुफ्फुसात जायची भीती वेगळीच. उलटीचंही तेच, मिथेनॉल तासाभरात रक्तात उतरलेलं असतं, सकाळी उलटी काढून काय निघणार?

डायलिसिसवरचा आरोप मला सगळ्यात जास्त टोचतो. मिथेनॉल आणि फॉर्मिक अ‍ॅसिड, दोन्ही पटापट रक्तातून बाहेर काढणारी तीच एक गोष्ट आहे. रक्त आम्लधर्मी झालेलं असतं, रुग्ण खोल खोल श्वास घेत असतो, त्यावर सोडा बायकार्बोनेट देतात, फॉलिनिक किंवा फॉलिक अ‍ॅसिड देतात म्हणजे शरीराला ते विष मोडायला मदत होते. बघा, फॉलिक, बी-12 नाही! नस वाचवायला स्टिरॉइडची इंजेक्शनं काही डॉक्टर देतात, काहींना थोडा फायदा दिसलाय, पण पक्का पुरावा नाही, आणि ती डायलिसिसच्या जागी चालत नाहीत.

'दोन दिवसात नजर येते'. काहींची येते, थोडी किंवा बरीच, खोटं नाही बोलणार. पण काहींची आधी सुधारते आणि काही आठवड्यांनी पुन्हा उतरते, कारण नस सुकत जाते, आणि सुकलेली नस परत जिवंत करणारं औषध आज नाही. शुद्ध मिथेनॉल 10 मिली म्हणजे दोन चमचे, तेवढ्यानंही कायमचं आंधळेपण येऊ शकतं. 2015 च्या जूनमध्ये मुंबईतल्या मालवणीत अशाच दारूनं शंभरावर माणसं गेली, ते काही लांब नाही आपल्यापासून.

वास घेऊन किंवा पेटवून बघा असंही खाली कोणीतरी जोडलंय. वासाने, चवीने, ज्वाळेने घरी काहीही कळत नाही, विषय संपला.

आणि मेसेजमध्ये नसलेलं पण घराघरात असलेलं कारण, पोलीस. हॉस्पिटल पोलिसांना कळवतं हे खरं आहे, पण त्यासाठी उपचार थांबवता येत नाहीत, सुप्रीम कोर्टानं 1989 लाच तसं सांगितलंय. म्हणून डॉक्टरपासून लपवू नका. किती वाजता प्यायला, किती, कुठली, सरळ सांगा, थैली किंवा बाटली उरली असेल तर सोबत न्या, नेताना डायलिसिसची सोय आहे का ते फोनवर विचारा. आणि त्याच्यासोबत जे बसले होते त्यांनाही उठवा, त्यांना आत्ता काही होत नसलं तरी. त्या ताईंच्या दिरासोबत अजून दोघं होते, ते तेव्हा घरी झोपलेले होते, त्यांनाही त्याच दुपारी नेलं.