तलाव साफ करा, पण माशांचं घर उपटू नका

उन्हाळा संपत आला की नागपुरात कुठल्या ना कुठल्या तलावाची सफाई निघते. पोकलेन येतं, ट्रक भरतात, काठावर फोटो निघतात. जलकुंभी काढलीच पाहिजे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या ट्रकात जलकुंभीसोबत हायड्रिला जाते, व्हॅलिस्नेरियाच्या लांब पाती जातात, कुमुदाचे कंद जातात. सगळ्याला आपण एकच नाव दिलंय, कचरा. हे बघून मला फार वाईट वाटतं, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

जलकुंभी पाण्यावर तरंगते आणि खाली ऊन जाऊ देत नाही. हायड्रिला पाण्याच्या आत वाढते, दिवसा पाण्यात प्राणवायू सोडते. तिच्या पानांवर बारीक शेवाळाचा थर धरतो, त्यावर गोगलगायी आणि किडे जगतात, आणि त्यांच्यावर मासे. लहान पिलं मोठ्या माशांपासून आणि बगळ्यांपासून लपतात तीही इथेच. मरळीचंच घ्या. नर-मादी मिळून काठाजवळच्या उथळ पाण्यात, वनस्पतींच्या मध्ये जागा मोकळी करतात, तिथे अंडी घालतात, आणि लालसर पिलांचा थवा मोठा होईपर्यंत त्याची राखण करतात. ही वनस्पती गेली की मरळीची पुढची पिढी गेली. कटला, रोहू आणि मृगळ यांचं वेगळं आहे. ते साचलेल्या पाण्यात अंडी घालतच नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून त्यांचं बीज दर वर्षी विकत आणून सोडावं लागतं. ते सोडलं की कागदावर मासळी वाढते, आणि तलावाचे स्वतःचे मासे गेल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यात कुणी गवत्या (ग्रास कार्प मासा) सोडला तर तो उरलीसुरली वनस्पतीही खाऊन टाकतो.

समुद्रात हेच मोठ्या प्रमाणावर चाललंय. समुद्रगवत म्हणजे मुळं, फुलं आणि बिया असलेली खरी वनस्पती, आणि तिची कुरणं उथळ, उजेडाच्या पाण्यात असतात. भारत आणि श्रीलंकेमधल्या पाल्कच्या उपसागरात ट्रॉलरची जाळी तळ खरवडत जातात. किनाऱ्यावरचं सांडपाणी आणि खतं पाण्यात उतरली की शेवाळ माजतं, ऊन अडतं आणि गवत मरतं. 1879 पासूनच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासात जगातलं ज्ञात क्षेत्र सुमारे 29 टक्के घटल्याचं दिसलं. लक्षद्वीपच्या अगत्तीची गोष्ट तर विचार करायला लावणारी आहे. तिथल्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या आतल्या उथळ पाण्यात, हिरवी कासवं इतकी वाढली की त्यांनी कुरण मुळाशी भिडेपर्यंत चरलं, गवतातले मासे घटले आणि मच्छीमारांचा राग कासवांवर निघाला. तरी 2022 साली तमिळनाडूने पाल्कच्या उपसागरात 448 चौरस किलोमीटरचं डुगाँग संवर्धन क्षेत्र जाहीर केलं. डुगाँग म्हणजे समुद्रगाय, ती समुद्रगवतावरच जगते, तेव्हा तिला राखायचं तर गवत राखावंच लागेल.

आपल्याकडे पाण्याखालच्या गवताचा असा विचार कोण करतं? करतात, पण शहराबाहेर. भंडारा-गोंदियातले मालगुजारी (जुन्या जमीनदारीच्या काळातले) तलाव कोहळी लोकांनी बांधले, ढिवरांनी त्यात मासेमारी केली. मालगुजारी गेल्यावर तलाव सरकारकडे आले, देखभाल सुटली आणि बेशरम नावाचं झुडूप माजलं. मग भंडाऱ्याचे मनीष राजनकर आणि ढिवर समाजाच्या लोकांनी मिळून बेशरम उपटली, उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तळाची नांगरणी केली आणि दुसऱ्या तलावांतून आणून पाणवनस्पती लावली. बायका चिखलात उतरून हायड्रिला रोवतात, धानाची रोवणी करावी तशी. कुठली वनस्पती कुठल्या माशाच्या कामाची, हे ढिवरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. त्यांना विचारलं एवढंच.

आणि आम्ही नागपुरात काय करतो? तलावाच्या काठाला उभी दगडी भिंत घालतो आणि त्याला सौंदर्यीकरण म्हणतो. उथळ काठ म्हणजे ऊन तळापर्यंत पोचणारी जागा, वनस्पती आणि अंड्यांची जागा. भिंतीने तीच संपते. वरून सांडपाणी येतच राहतं, त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर जलकुंभी पुन्हा पसरते. रात्री प्राणवायू संपतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतात. शेवटी टिकतात ते हवेतून श्वास घेणारे आणि दांडगे तिलापिया. अंबाझरी तलावात वरून येणारं सांडपाणी थांबत नाही तोवर जलकुंभी काढणं म्हणजे दर वर्षी तेच बिल भरणं आहे. देशात पर्यावरणाचं संशोधन करणारी नीरी ही संस्था आपल्याच शहरात आहे, आणि तरी तलावाची निविदा फक्त गाळाच्या घनमीटरमध्ये निघते, याचा मला राग येतो.

माझं मागणं सोपं आहे. पोकलेन उतरवण्याआधी त्या तलावावर मासे धरणाऱ्या ढिवरांना बोलवा. जलकुंभी आणि बेशरम काढा, पाण्याखालची वनस्पती ठेवा. निदान एका काठाला भिंत नको, उतार असू द्या. सांडपाण्याचे नाले आधी वळवा, मग गाळ काढा.

तुमच्या घराजवळच्या तलावात पाण्याखाली हिरवं काही दिसत असेल तर फोटो काढून तलावाच्या नावासकट कमेंटमध्ये टाका. पावसाळ्याआधी यादी करून महापालिकेला देऊ.