जर्मनीला चाललात? आधी फुकटचा सल्ला घ्या

तुमच्याही घरातलं कोणीतरी मास्टर्सला जर्मनीला निघालं असेलच, हल्ली प्रत्येक सोसायटीत एक असतंच. अभिनंदन! तयारी कशी करायची ते सांगतो, नीट ऐका, कारण भाचीच्या पायी हा सगळा तमाशा नुकताच जवळून बघितलाय आणि डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही.

पहिला नियम, स्वतः काहीही वाचायचं नाही. डाडच्या (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांना माहिती देणारी जर्मन संस्था) साइटवर कुठला कोर्स कुठे आहे, इंग्रजीत आहे का, फी किती, शेवटची तारीख काय, सगळं फुकटात सापडतं, तिकडे चुकूनसुद्धा फिरकू नका. त्यापेक्षा 'फ्री काउन्सेलिंग'ची पाटी शोधा. आमच्या ताईने पुण्यात डेक्कनवर शोधली. काउन्सेलिंग फ्री तर एवढ्या मोठ्या ऑफिसचं भाडं कोण भरतं, असले खडूस प्रश्न विचारायचे नाहीत, तिथल्या काउन्सेलर मॅडमना वाईट वाटतं.

ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या मार्कांचा अधिकृत उतारा, काढायला कॉलेजात जाताना डबा घेऊन जा, दिवस तिथेच जातो.

एलओआर, म्हणजे शिफारसपत्र, सर देतात. म्हणजे सही देतात, बाकी स्वतःचं कौतुक स्वतःच लिहून न्यायचं.

एसओपी, म्हणजे 'मला हाच कोर्स का करायचाय' सांगणारा अर्जासोबतचा निबंध, कन्सल्टन्सीकडे तयार असते, नाव तेवढं बदलायचं. भाचीच्या एसओपीत पहिलंच वाक्य, 'लहानपणापासून मला यंत्रांची आवड होती'. चला, मेकॅनिकलची आहे, खपून जाईल. पण तिसऱ्या पॅराग्राफमध्ये कुणा सिव्हिलवाल्या पोराचा पूल तसाच राहिला होता! दाखवला तर मॅडम म्हणतात, चालतं हो, तिकडे कोण एवढं वाचतंय.

जर्मन शिकू नका, तिकडे सगळ्यांना इंग्लिश येतं म्हणे. पार्ट टाइमला बेकरीतली बाई तुमच्याशी इंग्लिशमध्येच बोलणार आहे.

आता मुख्य मुद्दा, प्रोफाइल. ते जोखायचं काम काउन्सेलरचंच. भाचीचा सीजीपीए ८.६. जर्मन पद्धतीत बसवला की साधारण १.७ येतो. तिकडे १ म्हणजे सगळ्यात भारी आणि ४ म्हणजे कसाबसा पास, हे गूगलवर अर्ध्या मिनिटात कळतं. मॅडमनी स्क्रीनवर १.७ बघितलं, तोंड पाडलं आणि म्हणाल्या, "प्रोफाइल जरा वीक आहे, पब्लिक युनिव्हर्सिटी अवघड आहे, आपण सेफ जाऊ." सेफ म्हणजे काय, तर बर्लिनची एक प्रायव्हेट, वर्षाची फी बारा हजार युरो, ऑफर लेटर आठवड्यात हातात. मग पब्लिकचं काय? "तेही टाकू ना, बॅकअपला." टाकू टाकू म्हणत १५ जुलै गेला, अन् मग फोनवर निवांत सांगतात की पोर्टल बंद झालं. अहो, विंटर सेमिस्टरची मुदत बहुतेक पब्लिक युनिव्हर्सिट्यांत १५ जुलैच असते, कित्येक ठिकाणी त्याच्याही आधी, ती काय रातोरात बदलली? युनि-असिस्टवर, म्हणजे परदेशी मुलांचे अर्ज तपासणाऱ्या तिकडच्या संस्थेकडे, पहिल्या अर्जाचे ७५ युरो आणि त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाचे ३०, तेवढे वाचवून तुम्ही आमच्या गळ्यात वर्षाचे बारा हजार मारलेत! पब्लिकमध्ये बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नसतेच, सेमिस्टरचे काही शे युरो भरायचे. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये आपल्याला सेमिस्टरला १५०० पडतात आणि टीयू म्युनिकनेही आता फी लावलीय, मान्य. पण पब्लिकला पाठवलं तर यांना कमिशन मिळत नाही आणि प्रायव्हेटला मिळतं, त्यांचं 'फ्री' तिथून येतं, एवढी साधी गोष्ट आहे.

बरं, फी गेली खड्ड्यात, ब्लॉक अकाउंटला, म्हणजे व्हिसासाठी राहण्या-खाण्याचे पैसे अडकवून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो वेगळे दाखवायचेत. एपीएसचे, म्हणजे आपली कागदपत्रं खरी असल्याच्या सर्टिफिकेटचे, १८,००० रुपये वेगळे. दाजींनी फ्लॅट तारण ठेवून लोन काढलंय. त्यावर मॅडमचा दिलासा काय, तर "पार्ट टाइममध्ये फी निघते सर." विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, त्यात राहायचं, खायचं, इन्शुरन्स भरायचा आणि वर बारा हजार युरो काढायचे? काय नोटा छापायचं काम आहे का ते?

आणि आता सल्ला वगैरे बास. आईबापांनो, फ्रिज घ्यायचा तर तुम्ही चार दुकानं पालथी घालता, स्टार रेटिंग बघता, एक्स्चेंजवरून सेल्समनशी भांडता. पोरीच्या शिक्षणाला तीस-चाळीस लाख घालताना जिला जर्मन ग्रेड वाचता येत नाही तिच्यासमोर हात जोडून बसता? आणि पोरांनो, तुम्ही इंजिनियर ना? रात्रभर रील बघता येतात, मग युनिव्हर्सिटीची स्वतःची साइट उघडून एक तारीख वहीत लिहून ठेवता येत नाही? स्वतःचा फॉर्म स्वतः भरता येत नसेल तर तिकडे जाऊन घर कोण शोधणार, आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, कोण करणार, डेक्कनच्या मॅडम?

ताई म्हणते, "जाऊ दे रे, डिपॉझिट भरलंय आता." का जाऊ दे? समर सेमिस्टरची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जानेवारी आहे. अर्जाच्या पोर्टलचा पासवर्ड त्या मॅडमकडून काढून घे, आधी एसओपीतला तो पूल उडव आणि अर्ज पोरीला स्वतः भरायला लाव.