मालवणीत कोणी प्रेम करत नाही काय?

'दशावतार' आल्यापासून आमच्या घरच्या ग्रुपवर सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. २०२५च्या सप्टेंबरात हा सिनेमा लागला. दिलीप प्रभावळकरांनी त्यात बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी, म्हणजे कोकणातल्या दशावतार या लोकनाट्यातला नट, उभा केला आणि वेंगुर्ल्यापासून ठाण्यापर्यंत पसरलेल्या आमच्या गोतावळ्यात प्रत्येकाला काहीतरी बोलायचं होतं. गावच्या काकांचं म्हणणं, कोकण दाखवायचं म्हटलं की देवस्की, भुतं आणि काळोख एवढंच कसं सुचतं, ही आपली बदनामी आहे. चुलतभाऊ मुंबईत मालिकांचे संवाद लिहितो. त्याचं म्हणणं वेगळं. त्याने लिहिलं, "मालवणी विनोदापुरती ठीक. अख्खा सिनेमा मालवणीत काढला तर नाशिक-नागपूरला कोण बघणार?" त्याखाली पटापट अंगठे पडले.

मी बारा वर्षं नॉर्वेत, बर्गनला राहते. समुद्र, मासळी आणि न संपणारा पाऊस, त्यामुळे गाव अगदीच परकं वाटलं नाही. काकांना काय सांगायचं ते मला लगेच सुचलं. भावाला उत्तर द्यायला मात्र मला ही बारा वर्षं उपयोगी पडली.

आधी काकांचं. भयपट मला लहानपणापासून प्रिय आहेत आणि त्यात आपली बदनामी होते असं मला कधी वाटलं नाही. आमच्या मळ्याच्या राखणदाराला दरवर्षी नारळ जातो. आरवलीच्या वेतोबाला भक्त चामड्याच्या वहाणा आणि केळ्यांचे घड वाहतात, आणि तो त्या घालून रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात, हे आम्ही शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलो. ही आमची शेजारपाजारची माणसं. त्यांची भीती वाटायची, आणि ती आहेत म्हणून धीरही यायचा. ज्या सिनेमाला या दोन्ही गोष्टी एकदम कळतात तो मला आपला वाटतो.

२०१८चा राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' म्हणूनच मी चारदा पाहिला. तुंबाड हे खेड तालुक्यातलं खरं गाव, श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीमुळे मराठी वाचकाला ओळखीचं. सिनेमा १९१८ला सुरू होतो आणि १९४७पर्यंत येतो, आणि एवढ्या काळात खरी भीती वाटते ती हस्तर या सोन्याच्या हावऱ्या दैत्याची नाही, सोन्यासाठी पुन्हा पुन्हा त्याच्याकडे खाली उतरणाऱ्या बापाची. एक सोन्याची मुद्रा, मग आणखी एक, मग पोराला हाताशी धरून. हाव कुठल्या घरात नसते? २०२४मध्ये तो पुन्हा थेटरात आला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला, याचा मला स्वतःच्या घरातलं कुणी पास झाल्यासारखा आनंद झाला. नॉर्वेत तर २०१०च्या 'ट्रोल हंटर'मध्ये डोंगराएवढे राक्षस सरकारी बंदोबस्तात हिंडतात, आणि ते डोंगर आपल्या भागातले आहेत हे माझे सहकारी अभिमानाने सांगतात. आमचं मागासलेपण दाखवलं, असं म्हणताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही.

तर काका, भुतांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार भाषेची आहे. 'तुंबाड' हिंदीत आहे. आदित्य सरपोतदारांचा २०२४चा 'मुंज्या'ही हिंदीत. सोडमुंज व्हायच्या आत गेलेला पोर पिंपळावर बसतो, ही कल्पना आपल्याकडची, दिग्दर्शक आपला, पाऊस आपला, आणि तोंडातले शब्द तेवढे दुसऱ्याचे. व्यापाराचं गणित मला कळतं. तरी ते दोन्ही सिनेमे बघताना आमच्या आवाठातल्या, म्हणजे वाडीतल्या, म्हाताऱ्या ज्या आवाजात "तिन्हीसांजेक थय जाव नको" म्हणायच्या, तो आवाज मी शोधत होते.

आता भावाचा मुद्दा. मालवणी विनोदापुरती ठीक.

याची मुळं आपल्याच अंगणात आहेत, हे आधी कबूल करायला हवं. धयकाल्याला, म्हणजे जत्रेतल्या दशावताराच्या खेळाला, मांडावर राजा येतो, तलवार परजतो आणि भारदस्त, संस्कृताळलेल्या मराठीत बोलतो. संकासूर हा विनोदी दैत्य येतो आणि मालवणीत बोलतो, की सगळी जत्रा हसते. लिहिलेली संहिता नसताना पहाटेपर्यंत संवाद रचत नेणारे हे कलाकार मला जगातल्या कुठल्याही नटाइतके थोर वाटतात. पण वाटणी तिथेच झाली. मान प्रमाण भाषेला, हशा मालवणीला. मग मच्छिंद्र कांबळींनी गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' आणलं आणि त्याचे पाच हजारांवर प्रयोग झाले. ज्यांच्या घरात मालवणी कधी बोलली गेली नव्हती अशा माणसांनी ती ऐकली, समजून घेतली, डोक्यावर घेतली. कोण बघणार, या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं होतं. सिनेमावाल्यांनी आणि मालिकावाल्यांनी त्यातून नेमका चुकीचा धडा घेतला. मालवणी चालते याऐवजी मालवणीवर हशा येतो, एवढंच त्यांनी लक्षात ठेवलं. तेव्हापासून पडद्यावरचा मालवणी माणूस म्हणजे घरगडी, नाहीतर गजालीतला भांडकुदळ. दोन वाक्यांमागे एकदा त्याने 'आवशीचो घो' म्हणायचं. घरचा मालक प्रमाण मराठीत बोलणार. एकाच गावात, एकाच विहिरीचं पाणी पिऊन वाढलेली ही दोन माणसं अशी वेगळी कशी बोलतात, हे आम्हाला कोणी सांगत नाही.

विनोदी सिनेमांना माझा विरोध नाही. २०१३चा 'नारबाची वाडी' मला फार आवडतो. मूळ मनोज मित्रांचं बंगाली नाटक, पण ती वाडी, तो खोत आणि मरायचं नाव न घेणारा नारबा इतका इथला झाला की परकेपणाची खूणही उरली नाही. तिथे आपण हसतो ते खोताच्या लोभाला. नारबाच्या बोलण्याला आपण हसत नाही, त्याच्यावर आपला जीव जडतो. विनोद असा असेल तर माझी कितीही वेळ बसायची तयारी आहे.

माझे आजोबा गेले तेव्हा इथे पहाट होती. आईचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "आजो गेलो गो." आमच्या घरात मरण मालवणीत येतं. बारसं, भांडण, कर्ज, आजारपण, वाटण्या, सगळं मालवणीत. माझ्या आतेबहिणीने घरच्यांविरुद्ध जाऊन लग्न केलं, तेव्हा रात्रभर ओटीवर जे बोलणं झालं त्यात एक शब्द प्रमाण मराठीचा नव्हता आणि एकदाही कोणी हसलं नाही. मग पडद्यावर या भाषेत कुणी प्रेमात का पडत नाही? डॉक्टर मालवणीत वाईट बातमी का सांगत नाही? वकील, खुनी, पोलीस, परीक्षेत नापास झालेली मुलगी, यांतलं कोणी का नाही?

शांत, गंभीर सिनेमांनीही ही जागा पुरती भरली नाही. अविनाश अरुणचा 'किल्ला' बर्लिनला २०१४मध्ये मुलांच्या परीक्षकांनी निवडला, आणि पावसाळ्यातलं कोकण इतक्या मायेने क्वचितच कुणी टिपलं असेल. पण त्यातला मुलगा आईच्या बदलीमुळे पुण्याहून आलेला. संदीप सावंतांच्या 'श्वास'मध्ये आजोबा नातवाच्या डोळ्यांचं दुखणं घेऊन कोकणातून शहरातल्या इस्पितळात जातात. एकात कोणी येतो, दुसऱ्यात कोणी जातो. दोन्ही माझ्या मनाच्या फार जवळचे आहेत. तरी जो आला नाही आणि गेला नाही, जो तिथेच आहे, त्याच्यावरचा सिनेमा कोणता, असं कुणी विचारलं तर मला खूप आठवावं लागतं.

भावाने यावर लगेच लिहिलं की प्रेमकथा बोलीत चालत नाही. त्याला मी 'सैराट'ची आठवण करून दिली. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातले, रिंकू राजगुरू अकलूजची, आणि आर्ची बोलते ती सोलापूरकडचीच बोली. २०१६मध्ये तिने त्या बोलीत परश्याला दम दिला आणि तोवरच्या कुठल्याही मराठी सिनेमाला मिळाला नव्हता एवढा गल्ला त्या सिनेमाने केला. वेंगुर्ल्यात आमच्या पोरी तिचे शब्द तिच्या हेलात बोलत होत्या. सोलापूरची बोली कोकणात कळते, मग कोकणची सोलापुरात का कळणार नाही?

इथे मी जे रोज पाहते ते आता सांगते. नॉर्वेत बोलण्याची अशी एक अधिकृत प्रमाण भाषा नाही. १८७८ साली त्यांच्या संसदेने ठराव केला की शाळेत शिकवणं शक्य तेवढं मुलांच्या स्वतःच्या बोलीत व्हावं. त्याचं फळ मला रोज दिसतं. मंत्री आपल्या गावच्या बोलीत संसदेत बोलतात, बातम्या देणारी बाई आपल्या खोऱ्याच्या हेलात बातम्या देते. माझ्या मुलीची शिक्षिका डोंगराकडची आहे आणि तिच्या वर्गातली मुलं घशातून 'र' काढणारी बर्गनची, आणि कुणीच कुणाला सुधारत नाही. २०२३चं साहित्याचं नोबेल मिळालेले यून फॉसे नीनॉर्स्कमध्ये, म्हणजे नॉर्वेजियनच्या दोन लेखी रूपांपैकी एकात, लिहितात, आणि ही लेखी भाषा एकोणिसाव्या शतकात ईवर ओसेन नावाच्या माणसाने गावोगाव पायी फिरून, बोली गोळा करून बांधली. साहजिकच इथल्या सिनेमात किनाऱ्यावरचा कोळी प्रेमात पडतो तो आपल्याच बोलीत.

पण सगळंच तोलून बघायला हवं. हा पंचावन्न-छप्पन्न लाखांचा श्रीमंत देश आहे, सिनेमाला सरकारचा पैसा आहे, आपला निर्माता मात्र घर गहाण टाकून उभा असतो. माझ्यासारख्या बाहेरून आलेल्यांचं मोडकं नॉर्वेजियन इथल्याही पडद्यावर बहुधा टॅक्सी चालवताना नाहीतर साफसफाई करतानाच ऐकू येतं, तेव्हा उतरंड इथेही आहे, फक्त तिची पायरी वेगळी. आणि आपल्याकडे मालवणी म्हणजे अख्खं कोकण नव्हे. चिपळूण-संगमेश्वरकडे संगमेश्वरी, रायगडात आगरी, किनाऱ्यावरच्या मुसलमान घरांची आणखी निराळी. मालिकेत रत्नागिरीच्या म्हातारीच्या तोंडी सावंतवाडीचं बोलणं घालतात, तेव्हा मालवणीचाही उपयोग होत नाही आणि त्या म्हातारीचाही.

एक गोष्ट मात्र इथून सहज नेता येईल. नॉर्वेत लहान मुलांचे सोडले तर परदेशी सिनेमे आवाज बदलून दाखवत नाहीत, खाली अक्षरं देतात. माणसं लहानपणापासून वाचत बघतात. आपल्याला हे जमणार नाही असं भाऊ म्हणतो, आणि त्याच्याच घरी दर शनिवारी खालची अक्षरं वाचत मल्याळम रहस्यपट बघतात! केरळातल्या मच्छीमाराचं बोलणं वाचून कळतं, तर सर्जेकोटच्या मच्छीमाराचंही कळेल. माझा नवरा पुण्याचा. 'दशावतार' बघताना पहिली दहा-पंधरा मिनिटं त्याने मला दोनदा अर्थ विचारला. नंतर विचारलं नाही. शेवटी त्याने डोळे पुसले.

थेटरांचाही विषय निघतोच, म्हणून थोडक्यात. २०१५मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी सिनेमा दाखवायला सांगितलं. चांगलंच केलं. पण मल्टिप्लेक्सच नसलेल्या गावाला त्याचा काय उपयोग? माझ्या आत्येला 'दशावतार' बघायचा तर पुतण्याच्या गाडीने तालुक्याबाहेर जावं लागलं. नॉर्वेत दुसऱ्या महायुद्धानंतर एक फिरतं चित्रगृह सुरू झालं. यंत्र घेऊन गाडी खेड्यापाड्यांत जाते, समाजगृहात पडदा लावते, आणि ते आजही चालू आहे. आपल्याकडे तर रस्ता आखलेलाच आहे. दशावतारी मंडळी ज्या जत्रांना जातात, त्याच मांडावर एक पडदा लागू शकतो.

आत्ये त्या सिनेमाहून आली आणि तिने मला फोन केला. कथा सांगितली नाही, नटांची नावं सांगितली नाहीत. म्हणाली, "तो रडलो ना गो, तेवा आमच्यासारखोच रडलो."

हे मी भावाला जसंच्या तसं लिहून पाठवलं. बरोबर एक प्रसंगही लिहून पाठवला, कारण नुसतं मत देणं सोपं असतं. वेंगुर्ल्याचा एसटी स्टँड, जुलै महिना, कुडाळला जाणारी शेवटची गाडी. तिची नर्सची रात्रपाळी आहे. तो छत्री धरून उभा आहे, स्वतः भिजतो आहे. गाडी लागते. ती पायरीवर थांबते. तो म्हणतो, "तू जा. मी हयच आसय." बस, एवढाच. पार्श्वसंगीत नको, शेजारी कुणी विनोदी मित्र नको.

दोन दिवस त्याने काही लिहिलं नाही. तो एकेकाळी माझ्याबरोबर विहिरीवर पाणी भरायचा, पण ग्रुपवर कायम प्रमाण मराठीत लिहितो. तिसऱ्या दिवशी रात्री उशिरा, ग्रुप सोडून मला एकटीला त्याचा निरोप आला.

"सीन बरो आसा. चेडवाचा नाव काय?"