रंगीत चष्म्याने डिस्लेक्सिया जात नाही

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतो आहे: ‘मूल अक्षरं उलटी काढतं म्हणजे डिस्लेक्सिया, रंगीत काचांचा चष्मा लावा, बरा होतो.’ दोन्ही दावे चुकीचे आहेत. पाच-सहा वर्षांची पुष्कळ मुलं अक्षरं उलटी काढतात. डिस्लेक्सिया म्हणजे वाचायला-लिहायला शिकणं अवघड जाणं, आणि त्यात मुख्य अडचण डोळ्यांची नसते. बोलण्यातले सुटे ध्वनी ओळखून अक्षरांशी जोडणं जड जातं. अशा चष्म्यांना शास्त्रीय आधार नाही, हे अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच संयुक्त निवेदनात सांगितलं. चष्म्यावर पैसे घालवू नका. तिसरीतही मूल साध्या वाचनात अडखळत असेल, तर तपासणी करून घ्या, विशेष शिक्षकांकडे नियमित सराव सुरू करा. आणि त्याला ‘आळशी’ तर कृपया म्हणूच नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणींचा, समावेश आहे. या अक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या मुलांना दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो.